अत्तराचा थेंब आणि घड्याळ

जत्रेत अत्तरवाला तुमच्या मनगटावर गुलाबाच्या अत्तराची काडी फिरवतो आणि विचारतो, "कसा आहे वास?" तुम्ही लगेच म्हणता, "छान!" पण उत्तराची इतकी घाई करू नका. तासाभराने मनगट पुन्हा हुंगून पाहा. वास बदललेला आढळेल. संध्याकाळी तो आणखी निराळा वाटेल. थेंब तोच, हातही तोच. मग वास का बदलला?

रेणू कसे सुटतात?

वास येतो तो द्रवातून सुटून नाकापर्यंत पोचलेल्या रेणूंमुळे. त्यासाठी द्रव उकळावा लागत नाही. दोरीवरचे कपडे १०० अंशांपर्यंत तापत नाहीत, तरी वाळतातच. द्रवातून रेणू किती सहज सुटतात हे त्याच्या बाष्पदाबावरून कळते. २० अंश सेल्सियसला अल्कोहोलचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ४४ मिलिमीटर असतो, पाण्याचा १७.५. गुलाबाच्या वासातले एक प्रमुख द्रव्य म्हणजे जिरॅनिऑल. त्याचा बाष्पदाब एका मिलिमीटरचे काही शतांशच भरतो.

सेंटच्या बाटलीत अशी अनेक द्रव्ये एकत्र असतात, आणि प्रत्येक आपापल्या गतीने उडते. फवारा मारल्यावर आधी अल्कोहोल जाते. ताजेपणासाठी लिंबाच्या सालीतले लिमोनीन घातले असेल, तर तेही लवकर जाते. त्याचा उत्कलनबिंदू १७६ अंश आहे. मग खरा गुलाब पुढे येतो, म्हणजे जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि फेनिल एथिल अल्कोहोल. ही द्रव्ये २२० ते २३० अंशांच्या आसपास उकळतात. शेवटी मागे राहतात ती चंदनासारखी जड, सावकाश उडणारी द्रव्ये.

पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसते. कनौजचे कारागीर गुलाबपाकळ्यांची वाफ परंपरेने चंदनाच्या तेलात उतरवत आले आहेत. चंदनाचे तेल स्वतः हळू उडते, शिवाय गुलाबाच्या रेणूंनाही धरून ठेवते. कारण द्रव दुसऱ्या द्रवात मिसळला, की मिश्रणातील वाटा कमी झाल्यामुळे त्याचा बाष्पदाबही साधारणपणे कमी होतो.

आपल्या डोंगरातला गुलाब

आता थोडे घराजवळ येऊ. यवतमाळ जिल्ह्यातील कोरड्या टेकड्यांवर रोशा गवत उगवते. त्याला तिखाडी असेही म्हणतात. फुलोऱ्यावर आलेले हे गवत बोटांत चुरगळले, तर चक्क गुलाबाची आठवण होते! याचे कारण असे, की त्याच्या तेलात ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असते.

हे तेल काढण्यासाठी गवत पाण्याबरोबर भट्टीवर उकळतात आणि निघणारी वाफ थंड करतात. जमलेल्या पाण्यावर तेल तरंगते. येथे एक कोडे आहे. जिरॅनिऑल २३० अंशांना उकळते, मग ते १०० अंशांच्याही आत वाफेबरोबर कसे येते? उत्तर पुन्हा बाष्पदाबातच आहे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांचे बाष्पदाब स्वतंत्रपणे राहतात आणि त्यांची बेरीज होते. ही बेरीज वातावरणाच्या दाबाइतकी झाली, की उकळी फुटते आणि पाण्याच्या वाफेबरोबर थोडे थोडे तेलही बाहेर पडते.

एकोणिसाव्या शतकात खानदेश आणि मध्य भारतातील डोंगरांतले हे तेल मुंबईहून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला जाई. तेथे ते बाल्कन प्रदेशातील महागड्या गुलाबतेलात भेसळीसाठी वापरले जाई. पहिल्या वासाला भले भले फसत.

नाक म्हणजे तराजू नव्हे

मग रोशा आणि गुलाब यांत फरक तो काय? गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण १५ ते २० टक्केच असते. बाकीची द्रव्ये कितीतरी. त्यांतले डॅमॅसेनोन १९७० मध्ये बल्गेरियाच्या गुलाबतेलात ओळखले गेले. ते असते हजारात एक-दीड भाग. पण ज्या किमान प्रमाणात नाकाला जिरॅनिऑल जाणवते, त्याच्या काही हजारपट कमी प्रमाणातही डॅमॅसेनोन जाणवते. तराजूत जे नगण्य, ते नाकाला मोठे! नुसत्या जिरॅनिऑलने गुलाबाची आठवण होईल, पण पुरा गुलाब होणार नाही.

करून पाहा

टिपकागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. प्रत्येकीवर गुलाबाच्या अत्तराचा एकेक थेंब टाका. एक पट्टी थंड खोलीत ठेवा, दुसरी उन्हाने तापलेल्या खोलीत. १ मिनिट, १५ मिनिटे, १ तास, ४ तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, असे पाच वेळा हुंगा व काय जाणवले ते वहीत लिहा. प्रत्येक वेळी क्षणभरच हुंगा, कारण नाक लवकर थकते. सेंट वापरणार असाल तर दिवा वा चूल जवळ नको. अल्कोहोल चटकन पेट घेते.

तापलेल्या खोलीतली पट्टी लवकर फिकी पडेल. अशा द्रव्यांचा बाष्पदाब दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. म्हणजे डिसेंबरात २५ अंशांना लावलेले अत्तर आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ४२ अंशांना लावलेले अत्तर यांच्या उडण्याच्या वेगात तिपटीहून थोडा अधिक फरक पडेल.

तेव्हा पुढच्या जत्रेत अत्तरवाल्याने विचारले, "कसा आहे वास?" तर हसून सांगा, "जत्रा फिरून येतो, मग सांगतो."