मोटर गेली म्हणाले? थांब गं, आधी तपास

हे बघ, डावीकडची काच अर्ध्यावर अडकली आणि गॅरेजवाल्याने दार न उघडताच ‘मोटर गेली’ म्हटलं, एवढ्यावर पैसे काढू नकोस. पावसाळा तोंडावर, मुलुंडहून अंधेरीपर्यंत रोजची गाडी, वर घरचं सगळं; मेटाकुटीला आली आहेस, कळतंय मला. पण यातलं निम्मं तुला सोसायटीच्या पार्किंगमध्येच कळेल.

इग्निशन चालू कर. तुझ्या दारावरचं काचांचं लॉक-बटण दाबलेलं नाही ना, ते आधी बघ. मुलं खेळता खेळता दाबतात. मग तीच काच तुझ्या दारावरच्या स्विचने आणि तिच्या स्वतःच्या स्विचने चालव. एकाने चालली तर मोटर ठणठणीत आहे, दुसरा स्विच बिघडलाय. सगळ्याच काचा ठप्प असतील तर आधी फ्यूज बघ. आता दाराला कान लाव. मोटर फिरतेय पण काच हलत नाही? मग आतली तार नाहीतर काच वर-खाली नेणारा रेग्युलेटर तुटलाय. आवाजच नसेल तर बटण दाबून धर आणि दारावर आतून तळव्याने थापट मार. काच सरकली तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले असणार. आणि काच नुसती रेंगाळत चढत असेल, तर रबराच्या खाचेतली धूळ पुसून सिलिकॉन स्प्रे मार. खोबरेल तेल नको गं, धूळ चिकटते.

खरं सांगू का, मी एवढी मागे लागते ती २६ जुलै २००५ मुळे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्यांत पाणी शिरलं, काचा आणि सेंट्रल लॉक दोन्ही अडकले, आणि काही माणसं आपल्याच गाडीत गुदमरून गेली. म्हणून अंधेरी सबवेत पाणी दिसलं तर गाडी घालूच नकोस. कुठे अडकलीसच तर काच चालतेय तोवर ती आधी खाली घे. काच फोडायची छोटी हातोडी डिकीत नाही, सीटजवळ ठेव. मारायची ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर, पुढच्या काचेवर नाही.

गॅरेजमध्ये मात्र समोर उभी राहा. मोटरच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावायला सांग आणि बटण तू दाब, वर आणि खाली. दोन्ही वेळा दिवा लागला नि मोटर गप्प, तर ती खरंच गेली. दिवाच लागला नाही तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. नवी मोटर घालून काय उपयोग? साध्या दोन वायरींच्या मोटरला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊनही बघतात, वायरी उलटवल्या की ती उलटी फिरते. तेव्हा काचेजवळ बोटं नकोत. बोट अडकलं की आपोआप थांबणाऱ्या काचा असतील तर मोटरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं, तिथे हा प्रयोग करू देऊ नकोस.

आणि दार बंद करण्याआधी आतली प्लास्टिकची शीट कडेने नीट चिकटवून घे, दाराच्या तळाची भोकं मोकळी आहेत ना तेही बघ. नाहीतर पहिल्याच सरीत पाणी आत साचेल आणि मोटर गंजायला लागेल.