कॉम्प्युटर झाडपाला तपासतो, पण गोळी बंद करा असे सांगत नाही

गेल्या महिन्यात रविवारी लासुर्ण्याच्या विहारात वंदना आटोपली आणि नेहमीप्रमाणे गप्पा सुरू झाल्या. एका भावाने मोबाइल पुढे केला. त्यात एक जण सांगत होता की अमुक झाडाच्या पाल्याने मधुमेह मुळापासून जातो आणि हे आता कॉम्प्युटरने सिद्ध केले आहे. शेजारी बसलेल्या एका मावशींनी लगेच मान हलवली. त्यांनी त्याच पाल्याच्या चूर्णाची पाकिटे मागवली होती आणि दवाखान्यातल्या गोळ्या तीन आठवड्यांपासून बंद केल्या होत्या. "गोळ्यांनी किडनी जाती म्हणत्यात, मग कशाला खायच्या?" असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांचे पाऊल पाहिले. उसाच्या रानात धसकट लागून जखम झाली होती आणि ती त्यांना दुखतही नव्हती. साखर तपासली तर तीनशेच्या वर निघाली.

जखम दुखत नव्हती, याचीच आम्हाला जास्त भीती वाटली. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या शिरा बधिर होतात. लागलेले कळत नाही, जखम चिघळते आणि वेळ बोटे कापण्यावर येते. किडनीही बहुतेक वेळा जाते ती वाढलेल्या साखरेने. बदनामी मात्र गोळीची होते.

मावशींना आम्ही रागावलो नाही, कारण व्हिडिओतला एक धागा खरा होता. कॉम्प्युटरवर औषधी वनस्पतींचा अभ्यास होतो आणि तो चांगला अभ्यास आहे. तो नेमका काय असतो, ते आपण समजून घेऊ.

आपण भाकरी खाल्ली की तिच्यातल्या पिठूळ भागाचे लहान आतड्यात तुकडे होतात आणि साखर होऊन ती रक्तात जाते. हे तुकडे करणारा एक पाचकरस आहे, त्याचे नाव अल्फा-ग्लुकोसिडेज. याला थोडे अडवून ठेवले तर जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही, हळूहळू चढते. अकार्बोज आणि व्होग्लिबोज या गोळ्या हेच काम करतात. (पोटात गॅस होतो, ही त्यांची खोड.) आता प्रश्न असा, की एखाद्या झाडात असा अडवणारा पदार्थ आहे का?

एका झाडात शेकडो घटक असतात. एकेक वेगळा काढून तपासायचा तर वर्षे जातील आणि पैसा संपेल. इथे कॉम्प्युटर कामाला येतो. वालचंदनगरच्या कारखान्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना हे लवकर कळेल. नट समोर आहे आणि पेटीत हजार पाने आहेत. कोणता पाना बसेल हे प्रत्येक लावून न पाहता नुसत्या मापांवरून ठरवायचे. इथे पाचकरस म्हणजे नट आणि झाडातले घटक म्हणजे पाने.

नटाचे माप कुठून येते? शास्त्रज्ञ अशा पदार्थांचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि अणू कुठे कुठे बसले आहेत ते काढतात. अशी मापे साठवणारी 'प्रोटीन डेटा बँक' १९७१ पासून चालू आहे आणि आज तिच्यात दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत. झाडांच्या घटकांची यादी आपल्याच देशात झाली. चेन्नईच्या गणित विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'इम्पॅट' नावाचा संग्रह काढला. त्यात १,७४२ भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांच्यातले साडेनऊ हजारांवर घटक होते. पुढे तो आणखी वाढला. घटक नटावर बसवून पाहणारा 'ऑटोडॉक' हा प्रोग्राम अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेने बनवला. तोही फुकट मिळतो. घटकाला हजारो तऱ्हांनी फिरवून, वाकवून तो पाहतो आणि किती घट्ट बसला त्याचा आकडा देतो.

या सगळ्याला पैसे पडत नाहीत, हे मुद्दाम सांगतो. आपल्या पुणे जिल्ह्यात सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक बनवला, पण या कामाची सुरुवात करायला महासंगणक लागत नाही. साधा कॉम्प्युटर पुरतो. बारामतीजवळ माळेगावला फार्मसी कॉलेज आहे. वस्तीतली जी मुले-मुली फार्मसी किंवा कॉम्प्युटर शिकत आहेत, त्यांनी हा विषय आपल्या सरांना, मॅडमना जरूर विचारावा.

आता आकड्याबद्दल. क्वेर्सेटिन नावाचा एक घटक आहे. मधुमेहावरच्या अशा अभ्यासांत तो पुन्हा पुन्हा वर येतो, कारण तो पुष्कळ झाडांत असतो आणि पुष्कळ नटांवर बसतो. हाच क्वेर्सेटिन कांद्यातही आहे. नुसत्या आकड्याने रोग बरा होत असता तर कांदा-भाकर खाणाऱ्या आपल्या वस्तीत मधुमेह शिरलाच नसता! कॉम्प्युटर फक्त 'बसू शकेल' एवढे सांगतो. तो घटक पोटात टिकेल का, रक्तात किती जाईल, यकृत त्याचे काय करील, मुठीभर पाल्यात तो पुरेसा आहे का, किडनीला बाधेल का, हे त्या आकड्यात नसते. यातल्या काही गोष्टींचा अंदाज बांधणारे वेगळे प्रोग्राम आहेत, पण तोही अंदाजच. पुढे काचेच्या नळीत, मग उंदरांवर, मग माणसांवर चाचणी व्हावी लागते. बहुतेक घटक या वाटेवर गळतात.

काही टिकतातही. आपल्या कोकणात सप्तरंगी म्हणून वेल आहे. तिच्या कुळातल्या, श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात होणाऱ्या वेलीतून जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये सॅलासिनॉल नावाचा घटक वेगळा काढला. वर सांगितलेल्या त्याच पाचकरसाला तो अडवतो. म्हणजे जुन्या लोकांच्या ज्ञानात तथ्य असते, ते तपासून घ्यावे लागते इतकेच.

आणि मावशींनी बंद केलेली गोळी कुठून आली? मेटफॉर्मिनची गोष्टही एका झाडापासूनच सुरू होते. युरोपात गॅलेगा नावाची रानटी वनस्पती आहे. तिच्यातला घटक साखर उतरवायचा, पण तो विषारीही होता. मेंढ्या ती खाऊन मेल्याच्या नोंदी आहेत. त्याच धर्तीचा, पण सौम्य पदार्थ म्हणजे मेटफॉर्मिन. तो १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी रोग्यांवर वापरून दाखवला. विष बाजूला काढून, मात्रा ठरवून गोळी व्हायला इतकी वर्षे लागली. हे आम्ही सांगितले तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हंजी ही बी झाडपाल्याचीच व्हय?"

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. त्यांचे पथ्य आणि इन्सुलिन त्या जातीने सांभाळत.

कारले, मेथी, जांभूळ खायला आमची ना नाही. पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वर कडू चूर्णही जोरात घेतले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा आणि पाकीट दाखवा. काही चूर्णांत गुपचूप इंग्रजी गोळी मिसळलेली सापडली आहे, म्हणून 'झाडपालाच आहे, काय होतंय' असे समजू नये. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. तो व्हिडिओ दाखवणाऱ्या भावाला हे सांगितल्यावर त्याने तो ग्रुपवरून काढून टाकला.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी, तिथे पैसे पडत नाहीत. रानात जाताना बूट घालावेत आणि रात्री पाय धुऊन तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडाला पाहायला सांगावे.

मावशींच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी सुरू झाल्या. कारल्याची भाजी त्या अजून खातात. पावलाची पट्टी दर दोन दिवसांनी बदलावी लागते आणि जखम कडेने भरत आली आहे.