आपला वाटा आधी

आपले स्वतःचे घर असावे, असे कोणाला वाटत नाही? पण घराची सगळी किंमत एकदम देणे फार थोड्यांना जमते. म्हणून लोक बँकेकडून कर्ज घेतात आणि ते दरमहा हप्त्यांनी फेडतात.

परंतु बँक घराची पूर्ण किंमत देत नाही. काही भाग घेणाऱ्याने स्वतः भरावा लागतो. त्याला 'डाउन पेमेंट' म्हणतात. याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे. कर्ज ३० लाख रुपयांपर्यंत असेल, तर बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंत ही मर्यादा ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जासाठी ७५ टक्के आहे.

समजा, तुमच्या अब्बांनी २४ लाखांचे घर पसंत केले. बँक फार तर २१ लाख ६० हजार देईल. उरलेले २ लाख ४० हजार अब्बांना भरावे लागतील. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळाच! कमाई कमी असेल, तर बँक कर्जही कमी देते. मग आपला वाटा आणखी वाढतो.

बँक असे का करते? घर तिच्याकडे तारण असते. कर्ज फिटले नाही, तर ते विकून बँक आपले पैसे वसूल करते. घराचा भाव उतरला, तरी आपली रक्कम बुडू नये, अशी काळजी ती आधीच घेते. यात आपलेही हित आहे. कर्ज कमी, तर व्याजही कमी.

काही जण हा वाटासुद्धा सावकाराकडून व्याजाने घेतात. मग एकाच पगारातून दोन हप्ते जातात. बँकेचे हप्ते थकले, की घेतलेले घरच हातचे जाण्याची वेळ येते.

मग उपाय कोणता? दरमहा ४ हजार रुपये बाजूला ठेवले, तर ५ वर्षांत २ लाख ४० हजार जमतात. थेंबे थेंबे तळे साचे! घरी नव्या घराची गोष्ट निघाली, तर अब्बा-अम्मींना एवढेच विचारा, "आपला वाटा किती जमला?"

शब्दार्थ
हप्ता – ठरलेल्या मुदतीने भरायची रक्कम (उर्दूत 'किस्त')
तारण – कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू
थकणे – वेळेवर न भरल्यामुळे बाकी राहणे

स्वाध्याय
१. बँक घराची पूर्ण किंमत का देत नाही?
२. ४० लाखांच्या घरासाठी ३२ लाखांचे कर्ज मिळाले. आपला वाटा किती?