के. टेलर

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डब्लिन शहराच्या दक्षिणेस, ब्रे नावाचे एक गाव आहे. समोर समुद्र आणि पाठीशी विक्लोचे डोंगर अशा या गावात २ जुलै १९८६ रोजी केटी टेलरचा जन्म झाला. चार भावंडांत ती सर्वांत धाकटी. तिचे वडील पीटर हे कसलेले मुष्टियोद्धे होते. ज्या वर्षी केटी जन्मली, त्याच वर्षी त्यांनी आपल्या वजनगटात आयर्लंडचे विजेतेपद मिळवले होते. आई ब्रिजेट यांनीही पुढे मुष्टियुद्धाच्या सामन्यांत पंचाचे काम केले. अशा घरात वाढणाऱ्या केटीला या खेळाची गोडी लागली नसती, तरच नवल!

केटी अकरा-बारा वर्षांची झाली, तेव्हा वडिलांच्या हाताखाली तिचे शिक्षण सुरू झाले. मुष्टियुद्ध म्हणजे आंधळी मारामारी, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ती खरी नव्हे. या खेळात हातांइतकेच पायांना महत्त्व आहे. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा येण्यापूर्वीच बाजूस सरायचे, तोल न सोडता पुन्हा पुढे यायचे, एका हाताने स्वतःचा बचाव करीत दुसऱ्या हाताने नेमका ठोसा लगवायचा आणि हे सर्व करताना डोके शांत ठेवायचे, हे वर्षानुवर्षांच्या सरावानेच साधते. केटीचे पाय चपळ होते आणि हात त्याहूनही चपळ. ती फुटबॉलही उत्तम खेळे. पुढे तर ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळली. पण तिचा जीव रमला, तो दोरांनी वेढलेल्या मुष्टियुद्धाच्या रिंगणातच.

सराव एकट्याने करता येतो. सामना मात्र एकट्याने होत नाही. त्यासाठी समोर प्रतिस्पर्धी लागतो आणि केटीला तोच मिळेना. त्या काळी आयर्लंडमध्ये मुलींच्या मुष्टियुद्धाला मान्यताच नव्हती. हा खेळ स्त्रियांचा नव्हे, तो त्यांच्या प्रकृतीला झेपणार नाही, असे अनेकांना वाटे. शेजारच्या इंग्लंडमध्येही हौशी मुष्टियुद्धात स्त्रियांवर असलेली बंदी १९९६ साली उठली होती. तेव्हा केटीने एक युक्ती योजली. केस शिरस्त्राणाखाली दडवून आणि यादीत केवळ ‘के. टेलर’ एवढेच नाव घालून ती मुलांविरुद्ध रिंगणात उतरू लागली. सामना संपला की शिरस्त्राण निघे, केस मोकळे होत आणि इतका वेळ लढणारा ‘मुलगा’ ही मुलगी आहे, हे पाहून एकच गलका उडे. केटीला जिंकता येत होते. पण आपले पूर्ण नाव सांगून जिंकता येत नव्हते.

केटीने आणि तिच्या वडिलांनी आपला आग्रह सोडला नाही. अखेर ३१ ऑक्टोबर २००१ रोजी डब्लिन येथील राष्ट्रीय क्रीडागारात आयर्लंडमधील मुलींची पहिली अधिकृत लढत झाली. त्या वेळी केटी पंधरा वर्षांची होती. लढत तिने जिंकली. त्या दिवशी तिला आपले केस लपवावे लागले नाहीत.

पुढे तिचे पाऊल देशाबाहेर पडले. २००६ साली महिलांची जागतिक स्पर्धा आपल्या देशात, नवी दिल्ली येथे भरली होती. त्या स्पर्धेत केटीने साठ किलो वजनगटाचे सुवर्णपदक पटकावले. मणिपूरच्या मेरी कोम हिनेही त्याच स्पर्धेत आपल्या गटाचे सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर २००८, २०१०, २०१२ आणि २०१४ अशा चारही जागतिक स्पर्धा केटीने ओळीने जिंकल्या.

एवढे असूनही ऑलिंपिकचे दार स्त्री मुष्टियोद्ध्यांना बंदच होते. पुरुषांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये १९०४ सालापासून होते. स्त्रियांच्या मुष्टियुद्धास संमती मिळाली ती २००९ साली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तीन वजनगटांत मिळून ३६ स्त्रिया प्रथमच रिंगणात उतरल्या. उद्घाटनाच्या संचलनात आयर्लंडचा ध्वज केटीच्या हाती होता. अंतिम लढतीत रशियाच्या सोफिया ओचिगावाशी तिची गाठ पडली. दुसऱ्या फेरीअखेर केटी एका गुणाने मागे होती. ती डगमगली नाही. तिसऱ्या फेरीत तिने चार गुण मिळवून आघाडी घेतली आणि लढत १०-८ अशी जिंकली. मेरी कोमनेही लंडनमध्ये आपल्या गटात कांस्यपदक मिळवले. दिल्लीत सुवर्ण मिळवणाऱ्या दोघी सहा वर्षांनी ऑलिंपिकच्याही मानकरी ठरल्या.

यशाच्या मागोमाग अपयशही येते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपान्त्यपूर्व फेरीतच फिनलंडच्या मीरा पोटकोनेनने केटीला हरवले. ऑलिंपिक सुवर्ण गाठीशी असताना केटी येथेच थांबली असती, तरी तिला कोणी नावे ठेवली नसती. परंतु त्याच वर्षी, तीस वर्षांची असताना, तिने व्यावसायिक मुष्टियुद्धात पाऊल टाकले. हे रिंगण अधिक कठोर असते. येथे शिरस्त्राण नसते आणि स्त्रियांच्या जगज्जेतेपदाची लढत दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांपर्यंत चालते. शिवाय स्त्रियांच्या लढतींना मोबदलाही पुरुषांच्या मानाने फारच थोडा मिळे. केटीने एकेक पायरी चढत २०१७ साली कार्डिफ येथे पहिले जगज्जेतेपद मिळवले. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे बेल्जमच्या डेल्फिन पेरसूनला हरवून तिने आपल्या वजनगटातील चारही जागतिक संघटनांची विजेतेपदे एकत्र आणली.

३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केटी आणि अमांडा सेरानो यांची लढत ठरली. त्या क्रीडागारात स्त्रियांची लढत रात्रीची मुख्य लढत म्हणून प्रथमच होत होती. १९,१८७ प्रेक्षकांनी ते भरून गेले. पाचव्या फेरीत अमांडाच्या ठोशांनी केटी पार हेलपाटली. तरीही तिने तोल सावरला, उरलेल्या फेऱ्या जिद्दीने लढवल्या आणि तीनपैकी दोन पंचांनी तिच्या बाजूने कौल दिला.

मे २०२३ मध्ये केटी व्यावसायिक म्हणून प्रथमच मायभूमीत, डब्लिनमध्ये लढली. तिने वरच्या वजनगटातील विजेत्या शँटेल कॅमेरॉनला आव्हान दिले होते. पण स्वतःच्या लोकांसमोर ती हरली. व्यावसायिक जीवनातील तिचा हा पहिलाच पराभव. सहा महिन्यांनी, त्याच शहरात, त्याच प्रतिस्पर्धिनीशी ती पुन्हा लढली आणि या वेळी विजयी झाली. २०२४ साली टेक्सासमध्ये अमांडाशी दुसरी लढत झाली. तिन्ही पंचांनी केटीला केवळ एकेका गुणाने विजयी ठरवले आणि त्या निकालावर पुष्कळ वादही झाला. म्हणून तिसरी लढत ११ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये योजली गेली. तीही केटीने जिंकली. तोवरच्या २६ व्यावसायिक लढतींपैकी २५ तिच्या नावावर जमा झाल्या होत्या.

त्या रात्रीची एक गोष्ट विजयापेक्षाही मोठी आहे. त्या कार्यक्रमातील सर्वच लढती स्त्रियांच्या होत्या. ज्या मुलीला लहानपणी लढण्यास एक प्रतिस्पर्धिनी मिळत नव्हती, तिच्या डोळ्यांदेखत हे रिंगण स्त्रियांनी भरून गेले. केटीने कोणाकडे सवलत मागितली नव्हती; तिने मागितली ती केवळ लढण्याची संधी. ती मिळताच तिने तिचे सोने केले आणि मागून येणाऱ्या मुलींची वाट सोपी केली.

स्वाध्याय

१. केटी यादीत ‘के. टेलर’ एवढेच नाव का घाली?
२. ३१ ऑक्टोबर २००१ या दिवसाचे महत्त्व सांगा.
३. पराभवानंतर केटी कशी वागली, ते दोन प्रसंगांवरून स्पष्ट करा.
४. ‘सवलत’ आणि ‘संधी’ या दोन शब्दांतील फरक उदाहरणे देऊन लिहा.