ईकोचा गिअरबॉक्स : नवा, जुना की दुरुस्त?

मिरजेच्या एका वाचकाची मारुती ईको कार्गो रोज पहाटे भाजी घेऊन निघते. तिसरा गिअर टाकताना खरखर होते, कधी गिअर आपोआप सुटतो. नव्या गिअरबॉक्सची किंमत ऐकून त्यांना धडकी भरली आहे. स्वस्तातला जुना बसवावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी गाडीतला गिअरबॉक्स उघडावा, घाई तिथेच नडते.

गिअर ऑइल स्वच्छ ताटलीत काढून उन्हात धरायचे आणि त्यात चुंबक फिरवायचे. सोनेरी चमक दिसली आणि ती चुंबकाला चिकटली नाही, तर ते पितळ. म्हणजे सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. लोखंडाचे कपचे निघाले, तर मात्र दात किंवा बेअरिंग गेले. गिअर सुटत असेल तर फोर्क, स्प्रिंग आणि हबही तपासावेत. क्लच नीट सुटत नसला तरीही खरखर होते. रिंगा आणि बेअरिंग बदलून भागत असेल, तर अख्खा गिअरबॉक्स घेण्यात अर्थ नाही.

केसिंगच फुटले असेल, तर मुंबईत कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे. पण २०२२ च्या अखेरीस ईकोचे इंजिन बदलले. त्यामुळे आपल्या गाडीचे वर्ष सांगून, गाडीतल्या गिअरबॉक्सशी माउंटिंग आणि शाफ्टचे दाते जुळवूनच माल उचलावा. इनपुट शाफ्ट हाताने फिरवून सगळे गिअर, रिव्हर्ससुद्धा, टाकून पाहावेत. पक्के बिल आणि बदलून देण्याची लेखी मुदत घ्यावी. बसवतानाच क्लच प्लेट आणि ऑइल सील नवे टाकावेत, म्हणजे खोलण्याची मजुरी दोनदा पडत नाही.