खोडी आणि छळ

दर सोमवारीं सकाळीं त्याच्या पोटांत दुखत असे. मी पूर्वीं एका प्राथमिक शाळेंत शिकवीत असतांनाची ही गोष्ट. मुलगा इयत्ता चौथींतला. अंगानें किरकोळ, बोलतांना किंचित् अडखळणारा. डॉक्टरांनीं दोनदां तपासलें, पण दोष सांपडला नाहीं. शेवटीं त्याची आई शाळेंत आली व म्हणाली, "सर, रविवारीं संध्याकाळपर्यंत हा हिंडतो, खेळतो, पोटभर जेवतो. मग एका रात्रींत असें काय होतें?" त्या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. तीन आठवड्यांपूर्वींच तो माझ्याकडे आला होता. वर्गांतले तिघेजण आपल्या अडखळण्याची नक्कल करतात, आपलें नांव तोडून तोडून उच्चारतात, असें त्यानें सांगितलें, आणि मीं वह्या तपासतां तपासतां, मान वर न करतांच उत्तर दिलें, "त्यांच्याकडे लक्ष देऊं नकोस."

हा उपाय खोडीला लागू पडतो, छळाला नाहीं. आणि या दोहोंतील भेद मुलांना समजावून देणें हें, माझ्या मतें, पहिलें काम होय. दोन मित्र एकमेकांच्या टोप्या पळवितात, दोघेही हंसतात, आज याची पाळी तर उद्यां त्याची; ही खोडी. छळ निराळा. त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रथम ज्यांनीं केला, त्यांत डॅन ओल्वेयस हे मानसशास्त्रज्ञ अग्रगण्य आहेत. जन्मानें स्वीडनचे, पण पुढें नॉर्वेंत स्थायिक झालेले. त्यांनीं छळाचीं तीन लक्षणें सांगितलीं: दुखविण्याचा हेतु, पुनःपुन्हां घडणें आणि बळाची विषमता. हें बळ केवळ मनगटाचें नव्हे. चौघे एका बाजूस व एकटा दुसऱ्या बाजूस, ही विषमताच; एकाची जीभ सफाईनें चालते व दुसऱ्याची अडखळते, हीही. म्हणून अशा दोघांना "आपसांत मिटवा" असें सांगणें म्हणजे दुबळ्याला बलवानाच्या स्वाधीन करणें होय.

१९८२ सालीं नॉर्वेच्या उत्तर भागांत तीन मुलांनीं आपले जीव संपविले. सोबत्यांकडून झालेला छळ हें त्याचें कारण असावें असें दिसून आलें, आणि सारा देश हादरला. १९८३ सालीं तेथें शाळाशाळांतून मोहीम सुरू झाली. बर्गेन शहरांतील ४२ शाळांमधील सुमारें २,५०० मुलांची ओल्वेयस यांनीं पाहणी केली, तेव्हां छळाचें प्रमाण सुमारें निम्म्यानें घटल्याचें त्यांना आढळलें. उपाय साधेच होते. मधल्या सुट्टींत शिक्षकांनीं आवारांत लक्ष ठेवावें, वर्गांत ठरलेले नियम असावेत, त्यांवर नियमानें बोलणें व्हावें, आणि पालकांना विश्वासांत घ्यावें.

पुढें १९९६ सालीं फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पुढें आणली. छळाच्या प्रसंगीं दोनच पात्रें नसतात. कोणी मदतनीस असतो, कोणी हंसून उत्तेजन देतो, कोणी दूर सरतो, आणि एखादाच बाजू घेतो. त्या आईच्या भेटीनंतर मीं फळ्यावर हीं पात्रें वर्तुळांत मांडलीं, कोणाचेंही नांव न घेतां, आणि प्रत्येकानें कागदावर आपली जागा खुणेनें दाखवावी असें सांगितलें. त्रास देणाऱ्यांच्या जागीं खुणा थोड्या. हंसणारांच्या व पाहणारांच्या जागीं मात्र दाटी. वर्ग बराच वेळ गप्प होता.

मुलांनो, एक शंका तुम्ही नेहमीं विचारतां: गुरुजींना सांगणें ही चहाडी नव्हे काय? दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगाल तर ती चहाडी. कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगाल तर नव्हे. सांगूनही पहिल्या मोठ्या माणसानें ऐकलें नाहीं, तर दुसऱ्याला सांगा. मीं ऐकलें नव्हतें, हें तुम्ही वाचलेंच आहे. कोणाशींच बोलवेना तर १०९८ हा मुलांसाठींचा फोन विनाशुल्क आहे.

पालकांना एवढेंच सांगावयाचें कीं, "तुला कोणी मारलें का?" या प्रश्नास मूल बहुधा "नाहीं" म्हणतें. "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" असें विचारा, पुष्कळ कळतें. "तूंही दोन ठेवून दे" हा सल्ला देऊं नका. बळ समान असतें, तर मूल घरीं रडत आलेंच नसतें. आणि तक्रार तुमच्या मुलाविरुद्ध आली, तर प्रथम राग आंवरा. असें मूल कित्येकदां दुसरीकडे सोसलेलेंच वर्गांत उगवीत असतें. आम्हां शिक्षकांनाही एक सांगणें आहे. वर्गांत मुलाला टोपणनांव ठेवणारा शिक्षक इतरांना तें वापरण्याचा परवानाच देतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलाला शारीरिक शिक्षेप्रमाणेंच मानसिक त्रास देण्यासही मनाई केली आहे.

त्या तिघांशीं मी एकेकटा बोललों. समोरासमोर उभें करून माफी मागावयास लावली नाहीं, कारण तशा माफीची किंमत दुबळ्यालाच पुढें मोजावी लागते. पण खरा बदल दुसरीकडून आला. वर्गांतली एक अबोल मुलगी दुसऱ्या दिवशीं डबा घेऊन त्याच्या बाकावर जाऊन बसली. तिनें कोणाला एक शब्दही सुनावला नाहीं. नक्कल त्या दिवशींही झाली, पण हंसणारे कमी होते. पुढल्या आठवड्यांत आणखी दोघे त्या बाकावर आले. सोमवारचें पोटदुखणें थांबावयास मात्र दिवाळीची सुट्टी उजाडली.