नाशिकच्या थंडीतलं घर

नाशिक,
मार्गशीर्ष

चि. सौ. चिऊस,


तू पाठवलेले फोटो पाहिले. पांढऱ्या फरचा गालिचा, खोटा जाळ दाखवणारी विजेची शेकोटी, सुगंधी मेणबत्त्या, खिडकीभर दिव्यांची माळ. नव्या घरातला पहिला हिवाळा छान जावा म्हणून तू एवढी धडपडते आहेस, याचं मला फार कौतुक वाटतं. पण या वस्तूंची ऑर्डर देण्याआधी हे पत्र शांतपणे वाच.

त्या फोटोंतली घरं ज्या मुलखातली आहेत, तिथे महिनोन्महिने बर्फ असतो आणि ऊन दुपारीच संपतं. बाहेरून काहीच मिळत नाही म्हणून ती माणसं घरात ऊब तयार करतात. आपलं तसं नाही. डिसेंबरात नाशकात दुपारी पारा 27-28 अंशांवर असतो आणि पहाटे 10-11 वर, कधी त्याहून बराच खाली. तू ठाण्यात वाढलीस, तिथे समुद्र जवळ असल्यामुळे रात्र एवढी गार पडत नाही. इथे आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात बातमी येते, आणि तिकडचे द्राक्षबागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. म्हणजे थंडी खरी आहे, पण ती रात्रीची आणि पहाटेची आहे. दिवस आपल्याला फुकट ऊब देतो. ती घरात घ्यायची आणि संध्याकाळी अडवून धरायची, एवढंच काम आहे.

म्हणून आधी एक रविवार घरात बसून ऊन कुठून कुठे सरकतं ते बघ. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम 46-47 अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत येतं. मे महिन्यात तोच सूर्य माथ्यावर असतो, तेव्हा याच खिडकीत उन्हाची तिरीपही येत नाही. तुझ्या हॉलची मोठी खिडकी दक्षिणेला आहे, हे तुझं भाग्य समज. सकाळी नऊला तिचे पडदे पूर्ण बाजूला सार. फर्निचर फिकं पडेल म्हणून पडदे ओढून बसणारी घरं मी बघते, तेव्हा मला वाईट वाटतं. ऊन कललं की मात्र खिडकी लाव आणि पडदा जमिनीपर्यंत सोड. पडदा जाड सुती घे, आतून अस्तर लावून. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या फटींतून गार वारा येतो. त्यांत बसवायची ब्रशची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि त्या पट्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही शोभेच्या वस्तूने पडत नाही.

पलंग उत्तरेच्या भिंतीला आहे, तो चार महिन्यांपुरता पश्चिमेच्या भिंतीकडे हलव. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि आतल्या बाजूने ती ऊब निजायच्या वेळेपर्यंत देत राहते. सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्यासारख्या जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड असत. दिवसाचं ऊन त्यांतून सावकाश आत उतरत असे. तुझी भिंत सहा इंची, ती लवकर तापते आणि निजायच्या वेळेनंतर लवकर निवते. म्हणून तिच्याजवळ संध्याकाळी बसायची जागा कर: बैठी गादी, दोन लोड, शेजारी दिवा. पाहुणेसुद्धा आपोआप तिथेच टेकतील.

आता जमीन. थंडी आधी तळपायाला कळते. चकचकीत टाइल्स पायातली ऊब ओढून घेतात, म्हणून पलंगाच्या कडेला, ओट्याशी आणि देवापुढे पायाखाली काहीतरी हवंच. फरचा गालिचा नको. तो धूळ धरतो, धुता येत नाही, आणि इथल्या कोरड्या हवेत धुळीला काय तोटा! सतरंजी घे. ती झटकता येते, उन्हात टाकता येते. तिच्याखाली जुनं घोंगडं अंथरलंस तर आणखी बरं. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं हातमागाचं घोंगडं अंगाला टोचतं खरं, पण अंथरायला त्यासारखं दुसरं काही नाही.

आणि गोधडी. तुझ्या यादीत ती नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. तुझ्या आजीच्या सुती नऊवाऱ्या माझ्याकडे आहेत. धुऊन धुऊन त्या इतक्या मऊ झाल्या आहेत की बाजारातलं कुठलंही कापड त्यांच्या जवळपास जाणार नाही. चांगल्या गोधडीत आत थरावर थर असतात. कडेपासून सुरुवात करून बोटबोटभर अंतरावर धावदोरा घालत आत जायचं. दोरा फार ओढायचा नाही. टाक्याटाक्यांत कापड किंचित फुगलं पाहिजे, कारण थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते. पॉलिएस्टरच्या साड्या यात घालू नकोस, त्या निसरड्या, थर जागेवर राहत नाहीत. गोधडी रोज दुपारी गॅलरीच्या कठड्यावर टाक आणि चारच्या आत घडी करून आत आण. संध्याकाळपर्यंत ठेवलीस तर दवाने गारठते. ऊन दिलेली गोधडी रात्री पांघरून बघ, मग मला फोन कर.

दिव्यांचं थोडक्यात सांगते. छतावरचा पांढरा ट्यूबलाइट संध्याकाळी बंद ठेव. खोक्यावर 2700 केल्विन लिहिलेला पिवळा बल्ब आण आणि तो खाली, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला लाव. फुलं ऑनलाइन मागवू नकोस. या गावाला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत, आणि थंडीत इथे शेवंती आणि गुलाब हवे तेवढे मिळतात. भांडी बाजारातून एक पितळी घंगाळ आण, पाणी भरून त्यात फुलं सोड.

एका गोष्टीबाबत मात्र मी कडक आहे. दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवायची नाही, बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा नाही, कुणी वडीलधाऱ्यांनी सांगितलं तरी नाही. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. वरचा झरोका थंडी वाजते म्हणून पुठ्ठा लावून बुजवू नकोस. गिझर बाहेर बसवून घेता आला तर उत्तम. जावईबापूंना हे वाचून दाखव. मेणबत्त्या पडद्यापासून लांब ठेवायच्या आणि झोपण्याआधी विझवायच्या.

येत्या बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजाराला मी जाणार आहे, तूही ये. येताना हॉलच्या खिडकीचं माप घेऊन ये, रुंदी आणि वरपासून जमिनीपर्यंतची उंची दोन्ही. मेन रोडवर अस्तराचं कापड बघू, आणि परत येताना माझ्याकडून नऊवाऱ्या घेऊन जा. पहिली कड मी शिवून देते, पुढचे टाके तू घाल.

तुझी,
आत्या